तोंडानं नाव सांगा

३ जानेवारी, सोमवार

जाड डायरी तिला दिली. चामडी पुठ्ठ्याची, आत रेशमी फीत असलेली. आणि मला ही. ओळी एवढ्या रुंद की पहिलीतल्या पोरानं बाराखडी गिरवावी, तारखा एवढ्या ठळक की रस्त्यापलीकडच्या माणसानंही वाचाव्यात. औषध कंपनीचा माणूस दरवर्षी दोन-चार डायऱ्या ठेवून जातो, आणि त्यातली सगळ्यांत भारी डॉक्टर माझ्या हातात ठेवतात. आजवर कधी चुकलं नाही. यंदा म्हणाले, बाई, ही खास तुमच्यासाठी वेगळी मागवून घेतली. खास म्हणे. माझी शाळा चौथीत सुटली हे मला माहीत आहे, डायरीतून कळवायची गरज नव्हती.

आणि ती म्हणजे कोण, तर माझीच धाकटी जाऊ. लग्नाआधी नर्सिंग शिकलेली, लग्नानंतर घरात बसून भिंती बघायची. मला दया आली. मीच डॉक्टरांना म्हटलं, इंजेक्शनं द्यायला एक हात कमी पडतोय, आमच्या घरात एक हात रिकामा आहे. मीच हाताला धरून आणली. आता सगळा दवाखाना तिला सिस्टर म्हणतो. मला अजून 'बाई'च.

लिहायला मात्र या रुंद ओळी बऱ्या पडतात. ते वेगळं.

५ जानेवारी, बुधवार

नवा नियम निघाला. कुणाचा, ते सांगायला नको.

आमच्याकडे काम असं चालतं: डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात, खिडकीतून माझ्याकडे सरकवतात. मी बरण्यांतून गोळ्या काढायच्या, पुडी बांधायची, माणसाला हाक मारून हातात ठेवायची. खिडकी माझी. डॉक्टरांचे केस काळे होते तेव्हापासून माझी. मी कुणाला नाव विचारत नाही, मला चेहरे पाठ आहेत. चेहऱ्यावरून दुखणं पाठ आहे, दुखण्यावरून सासू-सुनेचं भांडणही पाठ आहे.

आता म्हणे पुडी किंवा सुई देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आपण 'तुम्ही अमक्या ना' असं विचारायचं नाही. मान हलवलेली चालणार नाही, 'हो' चालणार नाही. डॉक्टरांनी मान डोलावली आणि झाला नियम. त्यांची मान चालते वाटतं.

पहिलाच आला आमचा शिंपी. तिनं त्याला नाव विचारलं तर तो खिडकीत कोपर टेकून म्हणाला, "सिस्टर, तुझ्या नवऱ्याचा लग्नातला कोट मी शिवलाय. त्याच्या पोटाचं माप अजून माझ्या टेपवर आहे. आणि तू माझं नाव विचारतेस?" सगळं बाकडं हसलं. मी तर पोट धरून हसले. ती पण हसली, आणि मग म्हणाली, "हो काका. नाव?"

शिंप्यानं नाव सांगितलं. मला नाही आवडलं.

८ जानेवारी, शनिवार

सकाळी येऊन बघते तर माझ्या सगळ्या बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या. जाड काळ्या पेनानं, बोटाएवढी अक्षरं. मी विचारलं, हे कुणासाठी? म्हणाली, सगळ्यांसाठी ताई, घाईत बरं पडतं. सगळ्यांसाठी म्हणजे खिडकीत आहे कोण, मीच ना? मी जुन्या चिठ्ठ्या डोळे मिटून ओळखते. डावीकडून कुठली बरणी कुठे, हे माझ्या हातांना विचारलं तरी सांगतील.

छापणाऱ्यांना हल्ली काय झालंय तेही कळत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर मुंग्या सोडल्यासारखी अक्षरं. शाई वाचवतात मेले. सुईच्या भोकाचंही तेच, हल्ली सुया नीट करत नाहीत. काल सासूबाईंची उशी उसवली, तर तासभर दोरा ओवत बसले, शेवटी धाकटीनं येऊन एका फटक्यात ओवला आणि काही न बोलता गेली. बोलली असती तर चार शब्द सुनावता आले असते.

रात्री माझ्या उशाशी एक चष्म्याची पेटी ठेवलेली. म्हणाली, सहज, दुकानात तयार नंबरचे मिळतात, वापरून बघा. मी पेटी उचलून तिच्या उशाशी ठेवून आले. मला म्हातारी करून खिडकी घ्यायचा डाव आहे, मला काय कळत नाही?

११ जानेवारी, मंगळवार

दार लावून बोलत होते. डॉक्टर आणि ती. पेशंट संपल्यावर. मी फरशी पुसत होते, म्हणजे दाराजवळची पुसत होते. डॉक्टर म्हणाले, खिडकीवर आता फार दिवस असं चालायचं नाही. ती म्हणाली, मी बोलते त्यांच्याशी, तुम्ही नका बोलू, त्यांना लागेल. मग बादलीचा आवाज झाला आणि दोघं गप्प.

म्हणजे ठरलं तर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. बीळ मी खणलं, माती मी उपसली, आणि आता फणा काढून बसणार ही. आणि वर 'त्यांना लागेल'. लागू दे की. तुला का कळवळा?

घरी येताना सगळा रस्ता तिच्या चार पावलं पुढे चालले. तिनं गाठायचा प्रयत्न केला नाही. तेही खटकलं.

१४ जानेवारी, शुक्रवार

सासूबाईंचा रक्तदाब ती रोज तपासते. मी इतकी वर्षं पाय चेपले, त्याला यंत्र लागत नाही म्हणून कुणाला दिसत नाही. आज शेजारणीला सांगत होत्या, माझी धाकटी सून म्हणजे अर्धी डॉक्टर. मी चहा आणून आदळला. शेजारीण माझ्याकडे बघून म्हणाली, आणि थोरली? सासूबाई म्हणाल्या, थोरली म्हणजे हवालदार.

हसल्या दोघी. मीही हसले. हसून दाखवलं.

२० जानेवारी, गुरुवार

आज काय दिवस गेला! सिस्टरबाईंनी सुट्टी घेतली होती. काम आहे म्हणाली, कसलं ते सांगितलं नाही, इस्त्रीचे कपडे घालून सकाळीच गेली. जा म्हटलं, सावकाश ये.

बाकडं भरून माणसं, दाराबाहेर माणसं. नाव-बीव काही नाही. पूर्वीसारखं. मला एक पद्धत आहे: बाकावर जो ज्या क्रमानं बसलाय त्याच क्रमानं त्याची पुडी खिडकीत मांडायची. मग खाली मान घालून एकेक पुडी पुढे सरकवायची, पुढच्यानं हात घालायचा, उचलायची, की मागचे सगळे बाकावर एकेक जागा सरकतात. गिरणीच्या पट्ट्यासारखं. एकदा लय लागली की वर बघावंसुद्धा लागत नाही.

दुपारच्या आत बाक रिकामं. डॉक्टर आतून बाहेर येऊन बघतात तर कुणी नाही. "संपले?" म्हणाले. मी म्हटलं, "संपले. नावं विचारत बसलो असतो तर अजून निम्मे बाकी असते." डॉक्टर चष्मा पुसत आत गेले. पण त्यांना पटलं असणार.

हो-आजीसुद्धा आली होती, खोकल्यासाठी. तिला आम्ही हो-आजीच म्हणतो, काहीही विचारा, 'हो हो' म्हणते. जेवलात? हो हो. पाऊस येईल? हो हो. शिंपी तिला एकदा म्हणाला होता, आजी, मला घर लिहून देता का? हो हो.

२१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी दार उघडायच्या आत वखारवाली आजी पायरीवर उभी. लाकडाच्या वखारीच्या मालकाची आई, रक्तदाबाची जुनी पेशंट, मोठी जहांबाज. पुडी माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, हे काय दिलंस गं, या गोळ्यांना पुदिन्याचा वास येतोय, मला काय खोकला झालाय?

मी पुडी घेतली. वास खरंच पुदिन्याचा होता.

धाकटी माझ्या मागे उभी होती. तिनं वखारवालीला फक्त एवढंच विचारलं, काल बाकावर तुमच्या शेजारी कोण होतं? ती म्हणाली, ती बहिरी म्हातारी, थंडीनं कुडकुडत होती, मी तिला माझी उन्हातली जागा दिली, मी तिच्या जागेवर बसले. माणुसकी म्हणून काही असते की नाही.

धाकटीनं पुढचं ऐकलं नाही. चपला घालायलाही थांबली नाही, आतल्या स्लिपरांवरच रस्त्याला लागली. मला वाटलं, आता काय ही धावण्याची शर्यत. मी वखारवालीला बरोबर गोळ्या दिल्या. त्या देताना प्रत्येक गोळी नाकाला लावून बघितली. 

हो-आजी पहाटेच पडली होती. वखारवालीच्या रक्तदाबाच्या जोरदार गोळ्या, त्या एवढ्याशा पाखरासारख्या बाईच्या पोटात. अंथरुणातून उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली, उंबऱ्यावर आडवी. मनगट मोडलं. डोकं उंबऱ्याच्या वीतभर बाजूला पडलं म्हणून वाचली.

तिचा जावई आला, कुलपं दुरुस्त करणारा. एरवी खाली मान घालून बोलणारा माणूस. दवाखान्याच्या मधोमध उभा राहून म्हणाला, पुडी कुणी दिली?

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते मलाही माहीत नाही. म्हातारीनंच हो म्हटलं असणार, असं काहीतरी.

डॉक्टर मध्ये आले. म्हणाले, "पुडी माझ्या दवाखान्यानं दिली. चूक माझी आहे. चला, मी येतो तुमच्याबरोबर." आणि कोट चढवून, बाक भरलेलं सोडून, त्याच्यामागून गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांत ओरडण्याइतकी तरी माझी पत असेल असं वाटलं होतं.

आणि धाकटी? तिनं 'मी सांगत होते' म्हणावं म्हणून मी दिवसभर वाट बघत होते. उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक. तिनं संधीच दिली नाही.

२२ जानेवारी, शनिवार

गेले हो-आजीकडे. कुणी पाठवलं नाही, माझी मी गेले. धाकटी तिथे आधीच बसलेली, आजीचा चांगला हात हातात घेऊन. इथेही हिची जागा पुढची. मला बघून उठली, मी चहा टाकते म्हणाली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात गेली, जशी तिच्याच माहेरी आलीय.

मी बसले. पांढऱ्या पट्ट्यांतला तो हात. म्हटलं, दुखतंय का? हो हो. बरं वाटतंय का? हो हो.

मग मला राग आला. कुणाचा, ते नाही सांगता येत. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, आजी, तुमचं नाव काय?

ती बघत राहिली. मी परत विचारलं. तर सांगितलं तिनं. तिचं, वडलांचं, गावाचं, सगळं. आवाज केवढा स्वच्छ, मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. मग म्हणाली, "मला तुमच्या कुणाचं काही ऐकू येत नाही गं. 'काय' म्हटलं की लोक ओरडतात. 'नाही' म्हटलं की परत समजावत बसतात. 'हो' म्हटलं की सोडून देतात."

मी म्हटलं, माझ्या हातून चुकीची पुडी आली तुमच्याकडे. मोठ्यानं म्हटलं, पलीकडच्या घरात ऐकू गेलं असेल. जावई दारात होता. धाकटी चहा घेऊन उभी होती.

आजी म्हणाली, हो हो.

ऐकू आलं होतं की नाही, देव जाणे.

२४ जानेवारी, सोमवार

आजपासून मी विचारते. धाकटी गोडीगुलाबीनं विचारते, मी खडसावून विचारते. शिंपी नाटकं करायला लागला तर सांगितलं, नाव नाही तर पुडी नाही, घरी जाऊन स्वतःच्या टेपनं ताप मोज. गुपचूप नाव सांगितलं. दोनदा.

वखारवालीनं नावाबरोबर सगळ्या मुलांची नावं, त्यांचे पराक्रम, सुनांचे अपराध, सगळं सांगितलं. तेही ऐकलं.

वेळ लागतो. बाक दुपारपर्यंत भरलेलंच होतं. डॉक्टर आतून बाहेर आले, बाक बघितलं आणि स्वतःशीच हसून आत गेले. त्या दिवशी बाक रिकामं बघून हसले नव्हते.

२८ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. वाटलं, आली वेळ, आता खिडकीचं सांगणार. त्यांनी एक पत्ता दिला, डोळ्यांच्या डॉक्टरांचा, त्यांच्याशी बोलून ठेवलंय म्हणाले. आणि, "बाई, आधीच सांगायला हवं होतं. तुम्हाला राग येईल म्हणून आम्ही दोघं टाळत राहिलो. तुमच्या रागाची किंमत त्या आजीनं दिली."

पत्ता पदराला बांधला. बाहेर आले, धाकटीला म्हटलं, ती पेटी कुठाय. तिच्या पर्समध्येच होती. रोज घेऊन फिरत होती म्हणजे.

लावला चष्मा. बरण्यांवरच्या तिच्या त्या बोटाएवढ्या चिठ्ठ्या आता ओरडल्यासारख्या दिसतात. तिचं अक्षर तसं काही खास नाही, आज नीट बघितलं. मोत्यासारखं म्हणतात सगळे. मोती जरा वाकडे आहेत.

२ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, म्हणून मला कळलं. घरात मी थोरली, आणि मला भिंतीपलीकडून कळतं.

मोठ्या हॉस्पिटलात बोलावलंय तिला. त्या सुट्टीच्या दिवशी तिथेच गेली होती. पांढरा गणवेश, पगार इथल्यापेक्षा कितीतरी, हाताखाली चार पोरी. सासूबाई म्हणाल्या, आता माझी सून पुरी डॉक्टर.

झालं की मग माझ्या मनासारखं. बीळ मोकळं. खिडकी माझी, किल्ल्या माझ्या, जाड डायरीसुद्धा पुढच्या वर्षी माझी. मला आनंद व्हायला पाहिजे होता. भाजी निवडायला बसले आणि निवडलेली केरात टाकली, देठं पातेल्यात.

त्या हॉस्पिटलचं काय गेलं? तिला आणली मी. चारचौघांत नाव विचारायची तिची लाज मोडली ती आमच्या शिंप्यानं. आजीकडे स्लिपरांवर धावली ती आमच्या रस्त्यावरून. आणि त्या चार पोरींना मात्र आयती मिळणार. त्या तिला सिस्टर म्हणणार, ती त्यांच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावणार, त्यांच्या उशाशी पेट्या ठेवणार. माझा संताप संताप झाला.

आणि इथे सुया कोण देणार, मी? माझ्याकडून घाईत पुडी सरकली तर मागे उभं कोण राहणार? डॉक्टरांचे हात चिठ्ठी लिहिताना हल्ली जरा कापतात, ते मला आता चष्म्यातून दिसतं. तिला कधीपासून दिसत असेल?

३ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं. खिडकीच्या आतल्या बाजूला, ती सुया मोजून ट्रेमध्ये ठेवत होती, बाक अजून भरलं नव्हतं. विचारायचं म्हणून किती छान वाक्य जुळवलं होतं. तोंडातून निघालं, "जाणारेस म्हणे."

तिनं सुई खाली ठेवली. म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं ताई?"

मी म्हटलं, मला काय वाटायचंय, मी हवालदार. ती हसली, मग डोळे पुसले, मग परत सुया मोजायला लागली. पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

मग मी स्पष्टच सांगितलं. राहिलीस तर इथे कुणाला काय द्यायचं यावर तुझा शब्द शेवटचा, डॉक्टरांशी मी बोलते. घरी चार पावलं पुढे चालणार नाही. जाड डायरी तुझ्याकडेच ठेव. आणि जायचं असेल तर जा, रडणार नाही, पण मग जायच्या आधी या खिडकीत माझ्या जागी बसायला शिकलेलं माणूस तू शोधून द्यायचं, मी बाहेर बाकाशी बसून नुसती नावं विचारेन.

तिनं मान हलवली. कुठली, होकाराची की नकाराची, की नुसतीच, कोण जाणे.

ते मी चालवून घेतलं नाही. बाहेर हो-आजी आली होती, गळ्यात हात बांधलेला, वखारवालीनं तिला उन्हातली जागा करून दिली होती. मी खिडकी उघडली आणि धाकटीकडे न बघता सांगितलं, "शनिवारी, दवाखाना उघडायच्या आत मला उत्तर पाहिजे. आणि तोंडानं पाहिजे. मान चालणार नाही, 'हो हो' चालणार नाही. नियम तुझाच आहे."